लाभाची हरणी

१

चंद्रप्पाला बोरमाळ गावात कुणी उगाच बोलावत नसे आणि त्यालाही उगाच कुणाच्या ओसरीवर जाऊन बसायला आवडत नसे. मुखेडच्या मोंढ्यात धान्याची आडत, गावात आठ एकर काळं रान, रानात न आटणारी विहीर, गळ्यात लिंग आणि डोक्यात हिशेब, एवढ्यावर तो गडी खूश होता. पण वर्षातला एक दिवस असा यायचा की सगळ्या गावाला चंद्रप्पाच लागायचा. तो दिवस येळवशीचा, वेळ अमावस्येचा.

मार्गशीर्षातल्या त्या अवसेला आमच्याकडं गावात माणूस सापडायचा नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप उभारायची, आत पूजा मांडायची, भज्जी आणि भाकरीवर आडवा हात मारायचा, मग उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडत रानाला फेरा घालायचा. दिवस कलला की माळावरनं हरणं उतरायची. बांधाच्या कडेनं, एकामागं एक, ओळ न मोडता. तेव्हा शेजारच्या रानाचा व्यंकटराव चंद्रप्पाच्या कोपीत येऊन टेकायचा, बंदूक मांडीवर आडवी ठेवायचा आणि म्हणायचा, "हं आप्पा, घ्या मोजून."

बंदुकीचा परवाना पीक राखायचा होता, रानडुकरांच्या नावानं काढलेला. हरणांच्या शिकारीला बंदी येऊन दहा वर्षं झाली होती, पण ती अजून बोरमाळच्या वाटेवरच असावी. येळवशीपासून शिवरात्रीपर्यंत व्यंकटरावाची शिकार चाले. त्या हंगामात किती पाडायची, हे चंद्रप्पाच्या मोजणीवर ठरायचं. पळत्या कळपाची मोजदाद त्याच्याइतकी बिनचूक कुणालाच जमत नसे. चंद्रप्पा मांस शिवत नसे, गोळी सुटायच्या आधी पाठ करून उभा राहत असे. आपण फक्त मोजतो, मारत नाही, असं तो स्वतःला सांगायचा आणि ते त्याला पटायचंही.

हरणं दरसाल सारखी नसत. बहात्तरच्या दुष्काळात कळप डझनावर आला होता. नंतर एका साली पन्नासाला पोचला, पुढच्याच साली निम्मा झाला, मग पुन्हा भरला. पाऊस, चारा, लांडगे, कशाशीच त्याचा मेळ बसत नव्हता.

"म्या एक ध्यानात ठिवलंय, आप्पा," व्यंकटराव म्हणायचा. "ज्या साली जास्ती पाडली, त्याच्या म्होरल्या साली जास्ती आली. कमी पाडली का कमी. मी ह्यांना मारून राहिलो का पेरून राहिलो, तेच समजंना बगा."

 चंद्रप्पा नुसता मोजत असे, आणि मोजायचा ते आडतीतल्या सवयीनं. पोती मोजताना आडत्या पहिल्याला कधी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. त्याचा बाप गुरुपादप्पा खळ्यावर असंच मोजायचा, आणि लाभाचं माप कधी घरात येऊ द्यायचा नाही. ते बाजूला निघायचं, जंगमाच्या झोळीत पडायचं. "पैलं आपलं नसतंय," बाप सांगायचा. "ज्याचं हाय त्याला द्यावं. मग बाकीचं सुखानं खावं."

म्हणून ओळीतली पहिली हरणी ती लाभाची, आणि तिच्यावर गोळी घालायची नाही, अशी चंद्रप्पाची अट होती. व्यंकटराव हसायचा पण पाळायचा. दरसाल पुढं असायची ती एक अंगानं भरलेली हरणी. तिच्या डाव्या कानाचा शेंडा तुटलेला होता. गुरुपादप्पाच्या काळातही पुढच्या हरणीचा डावा कान तुटकाच होता, असं चंद्रप्पानं बापाच्या तोंडून ऐकलं होतं. ती आई असेल, ही लेक असेल, असं तो धरून चालला होता. तुटका कान काही आईकडनं लेकीला मिळत नाही, हे त्याला कळत होतं, पण तो विचार आला की तो लगेच दुसऱ्या कामाला लागायचा.

२

त्या साली नाल्याच्या पलीकडं लातूर जिल्हा झाला. अलीकडं आमचं नांदेड, पलीकडं आजवर उस्मानाबाद होतं, ते जाऊन लातूर आलं. हरणांनी रान खाल्लं म्हणून तक्रार घेऊन जावं, तर इकडचे म्हणत हरणं तिकडची आहेत आणि तिकडचे म्हणत थांबा, आमच्या खुर्च्या अजून यायच्यात. गावाला तेवढीच करमणूक. बाकी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मृगानं तोंड दाखवलं ते दाखवलं, पुढं आभाळ कोरडंच. माळावरचं तळं दसऱ्याच्या आतच भेगाळलं. ज्वारी गुडघ्याला लागेना. पाणी राहिलं ते चंद्रप्पाच्या विहिरीला, आणि विहिरीजवळच्या हाळात. हाळ म्हणजे जनावरांना पाणी पाजायचं लांब दगडी टाकं.

चंद्रप्पाचं चित्त मात्र पावसात नव्हतं. त्याची एकुलती एक लेक मल्लम्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. या खेपेला सातवा सरत आला होता. चंद्रप्पाची बायको शांतम्मा लेकीला उंबरासुद्धा हळू ओलांडायला लावायची. चंद्रप्पा बोलून दाखवत नसे, पण लिंगपूजेला बसला की त्याच्या मनात दुसरं काही येत नसे. पोर सुखरूप सुटू दे, पदरात मूल पडू दे, बस.

येळवशीला दिवस कलला. व्यंकटराव येऊन बसला. दोघं माळाकडं तोंड करून वाट बघत राहिले. माळ रिकामा होता.

"आली," व्यंकटराव एकदम म्हणाला. "पर ही कुणीकडनं?"

हरणं पाठीमागून येत होती. लातूरच्या बाजूनं, नाला चढून. तळं आटलं म्हणून तिकडं गेली असतील आणि आता पाण्याच्या वासानं विहिरीकडं निघाली असतील. सरळ हिशेब होता. चंद्रप्पा वळून बसला आणि पहिली हरणी बांधावर चढताच त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "लाभ."

ती एक कवळी, हलक्या अंगाची हरणी होती. दोन, तीन, चार, तो पुढं मोजत गेला. वीस झाली, चाळीस झाली, ओळ सरेना. दुष्काळात कळप रोडावतो, हा तर फुगला होता. साठाच्या पुढं गेल्यावर अखेरीस एक हरणी मागं पडलेली दिसली, पाय ओढत येणारी. उतरत्या उन्हात तिचा डावा कान दिसला. शेंडा नव्हता.

"शेवटली घेतो," व्यंकटराव बंदूक उचलत म्हणाला. "लंगडून राहिली. तशीबी दोन दिवसांत जाणार."

चंद्रप्पानं तोंड उघडलं. पण त्याच्यातला आडत्या आडवा आला. शब्द दिला तो पहिलीचा. लाभ म्हणून झालंय, ते दुसरीला म्हणून झालंय. हिशेबानं ही शेवटची. एवढा विचार करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बार उडाला. चंद्रप्पाला पाठ करायलाही सवड मिळाली नाही.

ती पडली. बाकीची पळायला हवी होती. ती पळाली नाहीत. ओळीतच उभी राहिली, माना मागं वळवून, आणि मग चालत माळावर निघून गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव ओसरीवर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, एक इचारू का? उपाशी जनावर किती बी उपाशी असलं तरी त्याच्या कोठ्यात काय तरी घावतंच का न्हाई? काडी, माती, कायबी?"

"असंल की."

"तिच्या काय बी नव्हतं. गवात न्हाई, पानी न्हाई. धुऊन पालथं घातल्यालं मडकं असतंय तसं. म्या समदं तसंच उचलून खड्ड्यात पुरलं. खाल्लं न्हाई."

"दुष्काळ हाय, व्यंकटराव. माणसं माती खाऊन राहिलीत."

"हाव," व्यंकटराव म्हणाला, पण त्याच्या तोंडावर पटल्याचं दिसलं नाही.

त्याच दिवसापासून हरणं भर दुपारी हाळावर यायला लागली. गुरांना पाणी दाखवून गडी जेवायला गेला की ती नाल्याकडनं यायची, ओळीनं. चंद्रप्पा बाभळीच्या सावलीत बसून बघायचा. प्यायला आलेल्या जीवाला हुसकायचं नाही, एवढं तो मानायचा.

पहिल्या दुपारी त्याला वाटलं, वावटळ आहे. ओळीच्या पुढं, पहिल्या हरणीपासून एका हरणाच्या अंतरावर, धूळ उडत होती. थोडी थोडी, खुरानं उडते तेवढी. वारा पडलेला होता. बाभळीचं पान हलत नव्हतं. धूळ पुढं आणि ती कवळी हरणी मागं, अशा दोघी बांधावरनं आल्या आणि हाळापाशी थांबल्या.

हाळाच्या वरच्या टोकाला, जिथं पाणी पडतं आणि सगळ्यात निवळ असतं, तिथं एकही हरीण गेलं नाही. सगळी खाली दाटीनं प्यायली. वरच्या टोकाला एका जनावराची जागा मोकळी राहिली. तिथलं पाणी मात्र हलत होतं.

चंद्रप्पाला तेव्हा एक गोष्ट उमगली. आज सवयीनं मोजताना कवळी हरणी बांधावर दिसली तेव्हा तो "दोन" म्हणाला होता. 'लाभ' त्याच्या आधी होऊन गेला होता. धुळीला.

त्यानं स्वतःची समजूत घातली. डोळे थकले. ऊन डोळ्यांवर येत होतं. चाळिशी उलटून किती वर्षं झाली, चष्मा करायला हवा. तो उठून घरी गेला आणि गार पाण्यानं तोंड धुतलं. दुसऱ्या दुपारी मुद्दाम डोळे चोळून बसला. धूळ आली, मागून कवळी आली आणि तोंड आपणहून म्हणालं, "लाभ, दोन."

ओळ संपली तेव्हा बेरीज येळवशीचीच भरली. एक मारलेली असून बेरीज तीच.

४

मोंढ्यात त्यानं सवय मोडायचं ठरवलं. हमाल पोती टाकत होते आणि चंद्रप्पा म्हणाला, "एक."

हमाल थबकला. समोर उभा असलेला शेतकरी किशनराव चिडलाच. "आप्पा, माझ्या मालाचं काय वाईट बगितलं तुमी? सुरवातीलाच असं अभद्र?"

"एक म्हणलं का एकच असतंय, किशनराव."

"तुमचे वडील असते तर तोंड धरलं असतं तुमचं."

चंद्रप्पानं ऐकून घेतलं. घरी येतानाच्या बसमध्ये तो मनातल्या मनात घोकत होता, एक दोन तीन, एक दोन तीन. पन्नाशीला टेकलेला माणूस बालवाडीतल्या पोरासारखा आकडे पाठ करतोय, याचं त्याला हसूही आलं आणि लाजही वाटली. जीभ मात्र ऐकत नव्हती. जिना चढताना पहिली पायरी लाभ व्हायची, भाकरीचा पहिला तुकडा लाभ व्हायचा.

मल्लम्माला आता नववा लागला होता. तिला मिठाचे डोहाळे लागले होते. कुणाला आंबट लागतं, कुणाला माती. हिला गोठ्यात गुरांना चाटायला ठेवलेला खड्याच्या मिठाचा दगड लागायचा. शांतम्मा रागवायची, दगड उचलून माडीवर ठेवायची. थोड्या वेळानं मल्लम्मा परसात त्याच दगडाशी बसलेली दिसायची, पदराखाली ओठ लपवून.

एका दुपारी ती परसाच्या दारात उभी होती. घर गावाच्या कडेला, रानाला लागून होतं, इथनं विहीर दिसायची. चंद्रप्पा मागं येऊन उभा राहिला.

"आप्पा," ती म्हणाली, "ही हरणं माझ्याकडंच का बगून राहिलीत?"

"पाणी प्यायला येतात बाई. बघू दे."

"प्याली की. पिऊन झाल्यावर बगतात." तिनं बोटानं ओळ दाखवली. "समद्यांचे डोळे दिसतात. म्होरली तेवढी दिसत न्हाई."

चंद्रप्पानं तिला धरून आत नेलं आणि परसाच्या दाराला आडणा लावला.  धूळ त्याच्या डोळ्यांचा खेळ असती, तर ती पोरीला कशी दिसावी?  तो देवघरात जाऊन बसला आणि किती तरी वेळ त्याला मंत्रच आठवेना.

सुईण कस्तुराबाई संध्याकाळी येऊन पोट बघून गेली. जाताना तिनं चंद्रप्पाला बाजूला घेतलं. "आप्पा, माझा हात गेली तीस वर्सं चुकला न्हाई, पर हिचं मला उमगंना. पोट लई मोठं हाय. मुखेडला दवाखान्यात न्या. घरी नगं."

"उद्याच नेतो," चंद्रप्पा म्हणाला.

आडणा लावलेल्या दाराबाहेर, अगदी जवळ, खूर वाजल्यासारखं झालं. एकदाच.

५

उद्या उजाडण्याआधीच त्या संध्याकाळी हरणं पुन्हा आली. दुपारचं पाणी पिऊन गेलेली हरणं तिन्हीसांजेला परत यायचं काही कारण नव्हतं. यावेळी ती हाळाशी थांबली नाहीत. विहिरीवरनं घराच्या वाटेला लागली आणि परसाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. ओळीनं. ओळ विहिरीपर्यंत लांबली होती. कुंपणाच्या फाटकाच्या झापापाशी पहिली जागा मोकळी, मागं ती कवळी हरणी, मागं बाकीची.

चंद्रप्पानं व्यंकटरावाला हाक मारली. तो बंदूक घेऊनच आला. आल्यावर त्यालाही समोरचं दिसलं.

"बार काढा," चंद्रप्पा म्हणाला. "आभाळात काढा."

व्यंकटरावानं काढला. गावातली कुत्री केकाटली, झाडावरची पाखरं उडाली. हरणांचे कान हलले, पाय हलले नाहीत.

"आप्पा, ही कशाची वाट बगून राहिलीत?"

चंद्रप्पाला माहीत होतं. इतकी वर्षं तो त्यांना मोजत आला होता. मोजल्याबिगर त्यांचा दिवस सरत नव्हता. त्यानं ओठ घट्ट मिटले. मग वाटलं, नुसतं मोजावं, साधं मोजावं, जातील. त्यानं एक एक शब्द सांभाळून म्हटलं, "एक. दोन. तीन."

हरणं उभीच राहिली. कवळ्या हरणीनं पुढचा खूर उचलला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडं नाक नेऊन हुंगलं.

"आप्पा, तुमी नेमी म्हणता तसं म्हणा की," व्यंकटराव हलक्या आवाजात म्हणाला. "त्या बिगर जायची न्हाईत ही."

"न्हाई."

"अवं, एक शबुद तर हाय!"

"त्यो शबुद ज्याला लागतो ते घरात राहत न्हाई, व्यंकटराव," चंद्रप्पा म्हणाला. इतके दिवस तो हे स्वतःशीसुद्धा बोलला नव्हता. "ते काढून द्यायचं असतंय. ही जागा रिकामी हाय तवर त्यो शबुद मी तोंडातनं काढणार न्हाई. माझी पोर आत हाय."

व्यंकटरावानं बंदूक भिंतीला टेकवली. अंधार पडायच्या बेताला हरणं आपणहून वळली आणि निघून गेली. जाताना त्यांनी ओळ मोडली नाही.

६

सकाळच्या बसनं निघायचं ठरलं होतं. सकाळची बस आलीच नाही. दुपारची येईल म्हणेपर्यंत मल्लम्माच्या पोटात कळ उठली. व्यंकटराव मोटारसायकलला लाथ मारून मुखेडला जीप आणायला पळाला. शांतम्मानं माजघराचं दार लावून घेतलं. कस्तुराबाई आत गेली. चंद्रप्पाला ओसरीवर बसायला सांगितलं.

त्यानं उपरण्याचा बोळा करून तोंडात धरला. आतून लेकीचं कण्हणं यायचं, शांतम्माचा आवाज यायचा, भांडी वाजायची. उन्हं उतरली. जीप येईना.

मग खुरांचा आवाज आला. त्यानं मान वर केली नाही. अंगणात सावल्या येऊन थांबलेल्या त्याला जमिनीवर दिसल्या, एकापुढं एक, लांबलचक. ओसरीच्या पायरीपाशी, त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर, अंगणातली माती हळूच दबली. तिथं सावली पडली नव्हती. मिठाचा वास आला. त्यानं डोळे मिटले आणि बोळा दातांखाली आवळला. एक, एक, एक, तो मनात म्हणत राहिला.

आत मल्लम्मा मोठ्यानं ओरडली आणि गप्प झाली.

 ती गप्पच होती. दोन खेपांना ती अशीच गप्प झाली होती. चंद्रप्पा भिंतीला धरून उठला, आणि तेवढ्यात बाळ रडलं. खणखणीत, घसा फाडून. त्यामागून मल्लम्माचा आवाज आला, थकलेला पण तिचाच, "अव्वा, पाणी दे गं."

लेक जिवंत होती. मूल जिवंत होतं. सहा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा खाली आला. चंद्रप्पाला रडू फुटलं. तोंडातला बोळा कधी पडला, त्याला कळलं नाही. दार उघडलं. शांतम्मा उंबऱ्यात आली. तिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लालभडक जीव मुठी आवळून रडत होता.

"नात झाली बगा," ती हसत, रडत म्हणाली.

आणि आतून कस्तुराबाई ओरडली, "आप्पा! आणिक एक हाय वो! जुळं हाय! म्हणून मला उमगत नव्हतं!"

दुसऱ्या बाळाचं रडणं पहिल्यात मिसळलं. चंद्रप्पा हसला. आयुष्यात कधी हसला नसेल इतका मोकळा हसला. त्यानं बोटं पहिल्या नातीच्या कपाळावर टेकवली आणि म्हणाला, "लाभ."

मग आतल्या आवाजाकडं मान करून म्हणाला, "दोन."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

अंगणात खूर वाजले. एकदम, सगळ्यांचे. तो वळला. ओळ निघाली होती. अंगणातनं बाहेर, विहिरीवरनं, बांधाच्या कडेनं, नाल्याकडं. कवळी हरणी पावलं आखूड टाकत, सांभाळून चालत होती. तिच्या पुढं, इतके दिवस नुसती धूळ उडायची त्या जागी, काही तरी होतं. फार लहान. ओलं. पाय अजून धड न टेकणारं. बांधावर चढताना ते अडखळलं, तेव्हा मागच्या हरणीनं त्याला नाकानं उचलून दिलं. वर गेल्यावर ते एकदा थांबलं आणि त्यानं घराकडं मान वळवली. मग बांधापलीकडं उतरलं.

गावाच्या तोंडाशी जीपचा भोंगा वाजला. व्यंकटराव धावत अंगणात आला, त्यानं बांधावरची ओळ बघितली आणि हुश्श केलं. "गेली व्हय? म्हणला वाटतं शेवटी. बरं केलं. किती भरली, आप्पा?"

 चंद्रप्पाच्या मागं उंबऱ्यात शांतम्मा हातातल्या गुंडाळीवर वाकली होती. इवल्याशा तळपायांना टिचक्या मारत होती, पाठ चोळत होती, पुन्हा टिचक्या मारत होती आणि कस्तुराबाईला हाका मारत होती.

आत एकच बाळ रडत होतं.